हृदय सांगतं, किडनी ऐकत नाही: न उतरणारं बीपी आणि वाढलेलं एनटी-प्रोबीएनपी

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: आईंचं वय ६१, बारा वर्षांपासून बीपी आहे. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशा तीन गोळ्या रोज चालू असूनही बीपी १५८/९६च्या खाली येत नाही. संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं, आणि त्या घोरतातही. गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेतात. परवाच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणारा रक्तातला आकडा) १.४ आणि एनटी-प्रोबीएनपी ८४० आलं, आणि ‘हे हृदयातलं हॉर्मोन वाढलंय’ असं तुम्हाला सांगण्यात आलं. तुमचे प्रश्न तीन: या हॉर्मोनमुळेच बीपी वाढतंय का, ते कमी करायचं औषध आहे का, आणि किडनीमुळे बीपी आहे की बीपीमुळे किडनी बिघडली.

गेली सव्वीस वर्षं मी किडनीचे पेशंट बघते आहे, आणि यातला पहिला प्रश्न मला वारंवार विचारला जातो. म्हणून त्याचं उत्तर आधी देते: नाही. हे हॉर्मोन बीपी वाढवत नाही, ते बीपी उतरवणारं आहे. ते जास्त आलंय कारण आईंच्या हृदयावर ताण आहे आणि हृदय किडनीला सांगतंय, ‘मीठ आणि पाणी बाहेर टाक, माझा भार हलका कर.’ किडनी ते पुरेसं करत नाहीये. का करत नाही, ते समजून घेतलं की पुढच्या दोन प्रश्नांचीही वाट सापडते.

बीपी म्हटलं की डोळ्यांपुढे हृदय येतं, कारण पंप तेच आहे. जिना चढल्यावर किंवा राग आल्यावर बीपी वाढतं आणि थोड्या वेळात उतरतं, तो खेळ खरोखरच हृदयाचा आणि मज्जासंस्थेचा. पण महिनोन्महिने बीपी कुठे टेकून राहणार, हे मुख्यतः किडनी ठरवते, कारण शरीरात मीठ-पाणी किती राहू द्यायचं हे तिच्या हातात असतं. आर्थर गायटन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हा विचार अतिशय नेटाने मांडला. बीपी वाढलं की निरोगी किडनी लघवीतून जास्त मीठ सोडते, रक्ताचं आकारमान घटतं आणि बीपी पुन्हा जागेवर येतं. तेव्हा बीपी वर्षानुवर्षं चढलेलंच राहिलं असेल, तर किडनीच्या या कामात कुठेतरी बिघाड झालेला असतो. जेवढं मीठ पूर्वी १२०च्या दाबाला बाहेर पडत होतं, तेवढंच टाकायला तिला आता १५८चा दाब लागतो.

हा बिघाड किती छोटा असू शकतो ते आकड्यांतून बघा. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ विरघळलेलं असतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक किडनीतल्या बारीक नळ्या परत रक्तात ओढून घेतात. लघवीत जातं ते साधारण आपण दिवसभरात खाल्लेल्या मिठाएवढंच. आता या परत ओढण्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तर दीड किलोचा अर्धा टक्का म्हणजे सात-साडेसात ग्रॅम मीठ. आणि नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकलं की त्याच्याबरोबर एक लिटरच्या आसपास पाणी अडकतं. क्रिएटिनिन अगदी नॉर्मल असलेल्या माणसाच्या किडनीतही एवढा फरक सहज असू शकतो, आणि तो कुठल्याही साध्या तपासणीत दिसत नाही. ‘किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, मग बीपी का?’ असं विचारणाऱ्यांना मी हाच हिशोब कागदावर मांडून दाखवते.

आता हृदयाकडे वळू. १९५६मध्ये हेन्री आणि गाउअर यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या डाव्या अलिंदात, म्हणजे डावीकडच्या वरच्या कप्प्यात, फुगा फुगवून पाहिला आणि लघवी वाढली. त्याच वर्षी ब्रुनो किश यांना गिनीपिगच्या अलिंदातल्या स्नायूपेशींत बारीक दाणे दिसले. असे दाणे एरवी हॉर्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींमध्ये असतात. हृदयात ते कशासाठी, याचं उत्तर मिळायला पंचवीस वर्षं लागली. कॅनडातल्या किंग्स्टन इथे आडोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क काढला आणि दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. लघवीतून जाणारं सोडियम तीसपटीहून जास्त आणि लघवी दहापट वाढली. खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या अर्काने काहीच झालं नाही. १९८१मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि हृदय ही एक ग्रंथीसुद्धा आहे हे मान्य करावं लागलं. मी विद्यार्थिनी असताना हा प्रयोग वाचला आणि त्यानंतर ‘हृदय’ आणि ‘किडनी’ असे दोन वेगळे विभाग मनात ठेवणं मला कधी जमलंच नाही.

त्या अर्कातलं हॉर्मोन म्हणजे एएनपी. त्याचं भावंड बीएनपी १९८८मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याच्या नावात ‘ब्रेन’ आलं. प्रत्यक्षात ते मुख्यतः निलयांमध्येच तयार होतं. दोघांना सुटायला लागणारा इशारा एकच, हृदयाच्या भिंती ताणल्या जाणं. गळ्यापर्यंत पाण्यात थोडा वेळ बसलं की लघवीची घाई होते, हे अनेकांनी अनुभवलं असेल. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, अलिंद ताणलं जातं आणि एएनपी वाढतं.

माझ्याकडे एक तरुण गृहस्थ ‘किडनीचा आजार’ म्हणून आले होते. महिन्यातून एक-दोनदा त्यांना अचानक दोन-तीन वेळा भरपूर, पाण्यासारखी स्वच्छ लघवी व्हायची. किडनीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. नीट विचारल्यावर ते म्हणाले, प्रत्येक वेळी त्याआधी छातीत धडधडतं, पण ते घाबरल्यामुळे असेल असं वाटून कधी सांगितलं नाही. हृदयाचे ठोके एकाएकी दीडशेच्या वर जाण्याचा त्यांना त्रास होता. त्या धडधडीत अलिंद ताणलं जायचं आणि लघवी व्हायची ती त्या हॉर्मोनने. ठोक्यांवर उपचार झाले आणि लघवीची तक्रार गेली.

हे हॉर्मोन किडनीत जाऊन करतं काय? गाळणीच्या आत येणारी रक्तवाहिनी सैल करतं आणि बाहेर जाणारी थोडी आवळतं, त्यामुळे गाळण वाढते. नळ्यांच्या अगदी शेवटच्या भागात मीठ परत ओढलं जाण्याला आडकाठी करतं. किडनीतून रेनिन सुटणं कमी करतं, आणि किडनीच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारं अल्डोस्टेरॉनही दाबतं. शिवाय किडनीबाहेर रक्तवाहिन्या सैलावतात. १९९५मध्ये एएनपी तयारच होऊ न शकणारे उंदीर प्रयोगशाळेत निर्माण केले गेले. मीठ वाढवलं की त्यांचं बीपी चढायचं.

रेनिन आणि अल्डोस्टेरॉन यांच्याकडे जरा लक्ष द्या, कारण आईंच्या शरीरात खरी ओढाताण इथे आहे. १८९८मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क टोचून बीपी वाढवून दाखवलं आणि त्यातल्या पदार्थाला रेनिन म्हटलं. १९३४मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या किडनीकडे जाणारी रोहिणी चिमटा लावून थोडी आवळली आणि बीपी चढलं. किडनीला रक्त कमी पोचतंय असं ‘वाटलं’ की ती रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉनला जागं करतं, आणि अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवायला लावतं. दुष्काळात, रक्तस्रावात, जुलाबांत याच यंत्रणेने माणूस जगवला आहे. पण एका बाजूला हृदय ‘मीठ सोड’ म्हणतंय आणि दुसऱ्या बाजूला किडनीचंच रेनिन ‘मीठ धर’ म्हणतंय, अशी स्थिती झाली की बहुतेक वेळा रेनिनचीच सरशी होते.

याची कारणं मला माझ्या पेशंटमध्ये रोज दिसतात. वय, मधुमेह आणि स्वतः बीपी यांनी गाळण्या कमी होत गेलेल्या असतात. आईंच्या वयाच्या स्त्रीला क्रिएटिनिन १.४ म्हणजे ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ४३. हृदयाचं हॉर्मोन नळीच्या शेवटच्या टप्प्यात काम करतं, पण अँजिओटेन्सिनमुळे बरंचसं मीठ आधीच्या टप्प्यातच ओढलं गेलं, तर शेवटी अडवायला उरतंच काय? त्यातून नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम ही हॉर्मोन्स पटापट तोडत असतं. एएनपी रक्तात काही मिनिटंच टिकतं, बीएनपी वीसेक मिनिटं. आणि हृदय दीर्घकाळ ताणाखाली असलं की ते सोडत असलेल्या मालातला बराच भाग अर्धवट तयार झालेला, कमी ताकदीचा असतो. आकडा मोठा दिसतो पण काम त्या मानाने होत नाही.

रिपोर्टमधल्या ८४०बद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती क्वचितच कुणी सांगतं. एनटी-प्रोबीएनपी हे स्वतः हॉर्मोन नाहीच. मूळ साखळी तुटते तेव्हा ३२ अमिनो आम्लांचं बीएनपी कामाला लागतं आणि ७६ अमिनो आम्लांचा जो तुकडा उरतो तो एनटी-प्रोबीएनपी. तो काही करत नाही. पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. त्याचा निचरा बऱ्याच अंशी किडनीतून होतो, त्यामुळे किडनी मंदावली की हृदय तेवढंच असतानाही आकडा वाढतो. वयानेही वाढतो. उलट लठ्ठ माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी येतो, आणि तिथे ‘कमी आहे म्हणजे हृदय ठणठणीत’ असं समजणं धोक्याचं ठरतं. दवाखान्यात चालत येणाऱ्या पेशंटसाठी १२५च्या आतला आकडा हृदय निकामी होत नसल्याची चांगली ग्वाही देतो. ८४० आल्यावर एवढंच म्हणता येतं की टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायलाच हवा. त्यात डाव्या निलयाची भिंत जाड झालीये का, डावं अलिंद मोठं झालंय का आणि पंपिंग कसं आहे, हे तिन्ही स्वतंत्रपणे विचारा. बारा वर्षांच्या बीपीनंतर पंपिंगचा आकडा नॉर्मल आणि भिंत मात्र जाड व ताठर, असं चित्र फार वेळा दिसतं. ‘इको नॉर्मल’ एवढ्यावर थांबू नका.

रात्रीच्या लघवीची तक्रार तुम्ही शेवटी, सहज म्हणून लिहिली आहे. मी तिला पहिल्या रांगेत ठेवीन. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, हृदय ताणलं जातं, एएनपी सुटतं आणि लघवी होते. घोट्यांच्या सुजेशी हे जुळतं. पण घोरणं हा दुसरा धागा आहे. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो, तेव्हा माणूस बंद घशाविरुद्ध जोर लावून श्वास ओढत असतो. त्या ओढीने छातीतला दाब उणे होतो, रक्त छातीत खेचलं जातं आणि अलिंद पुन्हा ताणलं जातं. रात्रभर शेकडो वेळा हे घडू शकतं. म्हणजे आई लघवी लागली म्हणून जागी होते असं घरच्यांना वाटतं, आणि मूळ त्रास असतो श्वास अडण्याचा. हाच त्रास औषधांना न जुमानणाऱ्या बीपीचं एक फार नेहमीचं कारण आहे. झोपेत मध्येच घोरणं थांबून शांतता आणि मग एकदम मोठा श्वास, असं ऐकू येतं का ते घरात कुणीतरी लक्ष देऊन ऐका. तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. श्वास मोकळा ठेवणारं मशीन लावल्यावर पहिल्या काही रात्रींतच लघवीला उठणं कमी झालेले पेशंट मी पाहिले आहेत.

आता डायक्लोफिनॅक. इथे मी थोडी कठोर होणार आहे. वेदनाशामक गोळ्यांचा हा गट किडनीतली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं बंद पाडतो. त्यांच्यामुळेच किडनी आपली रक्तवाहिनी उघडी ठेवत असते आणि मीठ सोडत असते. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी (म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड) आणि वर डायक्लोफिनॅक, ही तीन एकत्र आली की किडनीला तीन बाजूंनी फास बसतो. क्रिएटिनिन १.४ कदाचित याच गोळ्यांचं असेल, बीपी न उतरण्यातही यांचा वाटा असू शकतो. पेशंट हे डॉक्टरांना सांगत नाहीत कारण ‘अधूनमधून’ घेतलेली गोळी त्यांना औषध वाटत नाही. ती आजच थांबवा आणि गुडघ्यांसाठी दुसरा मार्ग डॉक्टरांना विचारा. दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन परत करा. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू किंवा बदलू नका.

घोट्यांची सूज पाहून लगेच घाबरून जायचं कारण नाही. ॲम्लोडिपिननेही अशी सूज येते, आणि ती मीठ साठल्यामुळे नसून बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे असते, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. वजन रोज सकाळी एकाच वेळी करून लिहून ठेवा. सूज आहे आणि वजनही चढतंय, तर अंगात पाणी साठतंय. वजन जागच्या जागी असेल तर ॲम्लोडिपिनवर संशय घ्यायला जागा आहे.

हॉर्मोन ‘कमी करायच्या’ औषधाचा प्रश्न खरं म्हणजे उलटा विचारायला हवा, कारण वैद्यकाने प्रयत्न केले ते हॉर्मोन वाढवायचे. कृत्रिम बीएनपी शिरेतून देऊन पाहिलं, पण हृदय निकामी झालेल्या सुमारे ७ हजार रुग्णांवरच्या २०११च्या अभ्यासात ना मृत्यू घटले ना किडनी सुधारली. मग नेप्रिलायसिन अडवून घरचंच हॉर्मोन जास्त टिकवायची कल्पना आली. ओमापॅट्रिलॅट नावाच्या औषधाने बीपी उत्तम उतरलं, पण चेहरा-घसा सुजण्याची जिवावर बेतणारी रिॲक्शन जास्त दिसली आणि ते मागे पडलं. पुढे सॅक्युबिट्रिल-वालसार्टन आलं. नेप्रिलायसिन अँजिओटेन्सिनही तोडतं, त्यामुळे नुसतं त्यालाच अडवलं तर अँजिओटेन्सिन वाढून डाव उलटतो. म्हणून जोडीला अँजिओटेन्सिनला अडवणारं वालसार्टन. २०१४मध्ये ८ हजारांहून अधिक हृदय निकामी झालेल्या रुग्णांवरच्या अभ्यासात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन भरती व्हावं लागणं, हे एनालाप्रिल या जुन्या औषधाच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी झालं. नुसत्या बीपीसाठी चीन आणि जपानने २०२१मध्ये त्याला मान्यता दिली. आईंना ते लागेल का, हे इको ठरवेल. दिलंच तर टेल्मिसार्टन बंद करावं लागतं, कारण वालसार्टन त्याच गटातलं आहे. ‘प्रिल’ गटातलं (एनालाप्रिलसारखं) औषध आधी चालू असेल तर मध्ये ३६ तास मोकळे ठेवावे लागतात.

त्याआधी हातात असलेल्या साध्या गोष्टी पुरत्या केलेल्या दिसत नाहीत. ईजीएफआर ४३ला हायड्रोक्लोरोथायाझाइड बरंच फिकं पडतं. क्लोरथॅलिडोन जास्त दमदार आहे. ईजीएफआर १५ ते २९ इतक्या खाली गेलेल्या रुग्णांतही त्याने वरचं बीपी सरासरी ११ने उतरल्याचं २०२१च्या एका अभ्यासात दिसलं. त्यानेही भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोन. तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत चौथी गोळी म्हणून त्याने सर्वांत चांगलं काम केल्याचं २०१५मध्ये सिद्ध झालं. पण टेल्मिसार्टनसोबत आणि या किडनीत पोटॅशियम वाढण्याची भीती खरी आहे, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त तपासल्याशिवाय ते चालू ठेवू नये. ते सुरू करण्याआधी अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर करून घ्या. अल्डोस्टेरॉन स्वतःहूनच जास्त बनत असेल तर उपचाराची दिशाच बदलते.

मिठाबद्दल ‘आम्ही कमीच खातो’ हे वाक्य मी प्रत्येक घरातून ऐकते, आणि ते खोटं बोलत नसतात, फक्त मोजलेलं नसतं. २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सुमारे ८५ मिलिमोल सोडियम. आकडा १७० आला तर दिवसाला १० ग्रॅम पोटात जातंय. इतक्या मिठापुढे कुठलीच गोळी नीट चालत नाही. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ आईंनी घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

किडनीमुळे बीपी की बीपीमुळे किडनी, याचं प्रामाणिक उत्तर असं की सुरुवात बहुधा किडनीच्या त्या अदृश्य अर्ध्या टक्क्यापासून होते आणि मग बीपी उरलेली किडनी खात जातं. १९८३मध्ये प्रसिद्ध झालेली सहा रुग्णांची नोंद मला फार बोलकी वाटते. बीपीने किडन्या निकामी झालेल्या या सहाही जणांना बीपी नसलेल्या दात्यांच्या किडन्या बसवल्या, आणि काही वर्षांनी तपासलं तेव्हा सहाही जणांचं बीपी औषधांशिवाय नॉर्मल होतं. आईंच्या बाबतीत अंदाज बांधायला जुने रिपोर्ट लागतील. क्रिएटिनिन बीपीच्या आधीपासून वाढलेलं होतं का, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सारख्या आकाराच्या आहेत का (एक लक्षणीय लहान असेल तर तिची रोहिणी अरुंद झालेली असू शकते), आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर किती (अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन). ही शेवटची तपासणी तुमच्या यादीत नाहीच, आणि बारा वर्षांच्या बीपीत ती दरवर्षी व्हायला हवी होती. ३०च्या वर असेल तर गाळणी गळते आहे, आणि टेल्मिसार्टन पूर्ण डोसमध्ये असणं आणखी महत्त्वाचं. डोस वाढवल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी आम्ही सहसा ते औषध बंद करत नाही.

बीपी घरी, पाच मिनिटं शांत बसून, दंडाच्या मशीनवर, सकाळ-संध्याकाळ सात दिवस मोजून लिहून घेऊन जा. एनटी-प्रोबीएनपी उपचार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये परत करा. सॅक्युबिट्रिल सुरू झालं असेल तर साधं बीएनपी करू नका, ते औषधामुळेच वाढलेलं दिसेल. आडवं झाल्यावर दम लागणं, रात्री घुसमटून उठून बसावं लागणं किंवा दोन दिवसांत दोन किलो वजन चढणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी आईंना दाखवा.